तपासणीत काही आढळले नाही

लियेपायाच्या बंदरात बत्तीस वर्षं
मी धान्याची जहाजं तपासली.
चाळणी, भिंग, खिशात एक काचेची नळी.
किलोभर गव्हात एक सोंडकिडा वळवळला
की अख्खं जहाज बंदराबाहेर, लाटांवर ताटकळत.
कप्तान रडायचे. मुलीचं लग्न, आईचं आजारपण.
मी शिक्का पुन्हा पिशवीत ठेवायची.

म्हणून खालच्या मजल्यावरच्या गिर्त्सने विचारलं,
"स्कैद्रितेमावशी, अँटिव्हायरस आहे ना?"
तर जरा रागच आला.

होता एक. कॉम्प्युटरबरोबर दुकानातूनच आलेला.
तीस दिवस गोड बोलला, एकतिसाव्यापासून
रोज सकाळी, कॉफीच्याही आधी, लाल पाटी:
तुम्ही धोक्यात आहात.
एकाहत्तराव्या वर्षी हे मला
पैसे देऊन ऐकायचं नव्हतं.

गिर्त्सने दुसरा बसवला, पहिला न काढता.
दोघे पहारेकरी एकमेकांनाच चोर समजून
रात्रभर झोंबत राहिले,
पंखा घरघरला,
आणि बहिणीला लिहायचं पत्र
अक्षराअक्षराला अडखळू लागलं.

मग मी माझ्या पद्धतीने चौकशी केली.
खातोस किती? दर वर्षी काय मागशील?
माझी पत्रं वाचून कुणाला सांगशील?
चमकणारे सगळे गडबडले.
जो आधीपासूनच कॉम्प्युटरच्या पोटात
फुकट, मुकाट बसून होता, तोच ठेवला.
पहिल्याने जाताना कारण विचारलं, सहा पर्याय दिले.
मी "इतर"वर खूण केली
आणि चौकटीत लिहिलं: ओरडतोस फार.

पूर्ण तपासणी. बुधवारची संध्याकाळ.
बीटाचं सूप उकळून निवलं,
त्यावर शेपू चिरून झाली,
बाहेर पाऊस पडून थांबला,
आणि पडद्यावर फायलींची नावं धावत राहिली,
होडीच्या काठावरून सुटणाऱ्या दोरीसारखी.
दोन लाख अकरा हजार. बारा हजार.
आणि एकदम थांबली.

आढळले: १.
नाव: अळंबी.
प्रकाशक: अज्ञात.

प्रकाशक माझा नवरा.
विस्वाल्दिसने एका हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिलेला
एवढासा प्रोग्राम. दहा दिवसांचा पाऊस भरायचा,
रात्रीचं तापमान भरायचं,
तो सांगतो कुठल्या रानात, कुठल्या वारी जायचं.
जगात हा दुसऱ्या कुणाकडेच नाही,
हाच त्याचा गुन्हा.
जे कुणी पाहिलेलं नाही ते संशयित:
हा नियम मीच किती जणांना शिकवला.

पर्याय तीन. काढून टाका.
क्वारंटाइन करा. परवानगी द्या.

क्वारंटाइन म्हणजे शिक्षा नव्हे,
कप्तानांना मी हेच सांगत असे, शांतपणे, वर न बघता.
आज मी जहाजावर होते.
खाली छोट्या होडीत कुणीतरी
हात पुढे करून कागद मागत होतं,
आणि माझ्याकडे फक्त एक गोष्ट होती सांगायला.

ड्रॉवरमधून त्याची वही काढली.
सगळा प्रोग्राम तिच्यात हाताने उतरवलेला,
खोडलेलं सुद्धा. गिर्त्सला हाक मारली.
तो फायलीतून वाचत गेला, मी वहीतून,
ओळीला ओळ, रात्री अकरापर्यंत.
एका जागी त्याला हसू फुटलं:
"तापमान शून्याखाली गेलं तर
हा म्हणतो, घरी बस, स्कैद्रिते."

परवानगी दिली.

आता दर बुधवारी तपासणी सुरू होते,
सगळं हुंगत त्या एका फोल्डरपाशी येते
आणि वळसा घालून पुढे जाते.
शेवटी हिरवी पाटी: सर्व सुरक्षित.
असं आम्ही कधी लिहीत नसू.
आम्ही लिहायचो, तपासणीत काही आढळले नाही,
तारीख, सही. बाकीचं समुद्राला ठाऊक.

दहा दिवसांचा पाऊस भरलाय.
शनिवार म्हणतोय. सुरी घेऊन ये म्हणतोय.