गाठ

साखर पेठ. सातवी ब.
सेल, तार, टॉर्चचा बल्ब,
आणि चिकटपट्टी संपली म्हणून
विड्या बांधायचा दोरा, कुणाच्या तरी आईचा.

"पेटवा," म्हटलं.
निम्म्या वर्गाने एकच तार जोडली
आणि बल्बकडे बघत बसले.
"सर, सेल मेलाय."
मेला नव्हता. परतायला वाट नव्हती त्याला.

नागमणी गड्डमची तार मधेच तुटली.
तिने न विचारता गाठ मारली,
चिमटीत, दिसेल न दिसेल अशी,
माग थांबला की बाप मारतो तशी.
बल्ब गप्प.
"गाठ तर पक्की आहे, सर."
पक्कीच होती. पण दोन्ही टोकं
अंगरखे घालून भेटत होती.
तिने दातांनी हिरवं प्लास्टिक सोललं,
तांब्याला तांबं लावलं.

पेटला.
वालाच्या दाण्याएवढा.

तेवढ्यात लाइट गेली.
पंखा थांबला, मागोमाग गल्लीतले सगळे माग;
कानांना एकदम रिकामं वाटलं.
नागमणी खिडकीकडे बघत म्हणाली,
"कुठंतरी सुटलंय."

मग बल्बवर ओंजळ धरून
श्वास रोखून बसली,
फुंकरीनं विझेल म्हणून.
मी काही सांगितलं नाही.