उरलेलं पुढल्या शुक्रवारी

पाचव्या आणि सहाव्या भागात
मुखवट्याखाली माझा बाप होता.
पहिल्या चार भागांत कुणी मिरजेचा, नाव ठाऊक नाही.
त्यानं पैसे वाढवून मागितले
म्हणून कंपनीच्या मालकांनी,
ज्यांना सगळे शेठ म्हणत
आणि ज्यांची उधारी गंगावेशीत चहापासून घोड्याच्या चंदीपर्यंत पसरलेली,
मुखवटा ठेवून घेतला, माणूस सोडून दिला.
मुखवट्याला पगार द्यावा लागत नसे.

बाप तालमीतला. हिंदुराव शेळके.
खांदे बसले, उंची बसली,
नाक तेवढं मावेना, तर शिंप्यानं एक शिवण उसवली.

कडा एकच होता, मसाई पठारावर.
खरा म्हणाल तर दीड पुरुष.
कॅमेरा खड्ड्यात पुरला की आभाळाला टेकायचा.
दुसऱ्या भागात त्याच्यावरून मोटार गेली,
चौथ्यात राजकन्या,
पाचव्यात वाघ. वाघ म्हणजे पैगंबर मुजावर,
कातड्याच्या आत, शिंका दाबत.
खाली गुऱ्हाळावरून आणलेली चिपाडं, वर घोंगडी.
पडणारा प्रत्येकजण
उसाचा आंबूस वास घेऊन घरी जायचा.

सहाव्याच्या शेवटी बाप लोंबकळतो.
एकच हात.
करंगळी सुटते, मग शेजारची,
आणि पाटी येते: उरलेलं पुढल्या शुक्रवारी.

आई बाकावर, पोटात मी.
ती किंचाळली तशी शेजारची बाई म्हणाली,
‘अगं, पडत नसतोय त्यो.
पडला तर पुढच्या शुक्रवारी काय दावतील?’
आईनं ते वाक्य पदराला गाठ मारून घरी नेलं.
तिथं बाप खाटेवर होता,
डाव्या पायाला फळ्या बांधून.

चुलवाणाला जळण कमी पडलं म्हणून
गुऱ्हाळवाला दुपारीच निम्मी चिपाडं परत घेऊन गेला होता.
घोंगडी तेवढी तशीच पसरलेली.
वरून बघणाऱ्याला काय कळणार!

सातव्या भागात मुखवट्याखाली तिसराच कुणी.
आणि कड्यावर दोर.
पिटातली पोरं उठून उभी राहिली:
‘आरं, दोर कुठनं आला?
मागल्या शुक्रवारी दोर न्हवता!’
शेंगांची टरफलं पडद्यावर आदळली.
मशीनवाल्यानं आवाज वाढवला, घोडा दौडत राहिला.

नंतर बाप त्याच थिएटरच्या दारात
तिकिटं फाडायला बसला. एकवीस वर्षं.
पाय ओढत खुर्च्यांमधून बॅटरी दाखवायचा.
कुणी जुनं माणूस विचारायचं,
‘हिंदुराव, त्या कड्यावरनं पडलासा न्हवं तुम्ही?’
बाप शांतपणे म्हणायचा,
‘पडलोच नाही. सातवा भाग बघा. दोर होता.’

मला लहानपणी वाटे, थट्टा करतो.
मग वाटे, खोटं बोलतो.
आता त्या वयाची झाल्यावर
नक्की काय वाटतं, सांगता येत नाही.

बारावा भाग झालाच नाही.
शेठ एका रात्रीत सांगलीकडे गेले ते गेलेच.
देणेकऱ्यांनी रिळं वजनावर विकली,
ती हुपरीला गेली म्हणतात:
धुऊन, जाळून, त्यातली चांदी काढायला.
मोटार, राजकन्या, शिंकणारा वाघ,
सगळं एका मुशीत.
किती निघाली असेल? गुंजभर?
कुणी म्हणतं, तेवढीही नाही.

माझ्या लेकीच्या बारशाला
बाप एसटीनं हुपरीला जाऊन वाळे घेऊन आला.
दुकानदाराला त्यानं काय विचारलं, कोण जाणे.
पाळण्याशी फरशीवर बसला, डावा पाय लांब सोडून,
आणि स्वतःच्या हातानं तिच्या पायांत घातले.
तिनं एक पाय पाळण्याबाहेर काढला,
हवेत तसाच धरला,
मग झाडला.

बाप माझ्याकडे वळून म्हणाला,
‘ऐकलंस?
दोर होता.’