दोन समुद्र

मुहर्रक, रात्रीचे अडीच.
इन्क्युबेटर उघडला की सदतीस अंशांचा श्वास तोंडावर येतो,
बाहेरच्या ऑगस्टपेक्षा जेमतेम दोन अंश जास्त.
बशीत उंदराच्या स्वादुपिंडातली बेटं.
पुस्तकातही त्यांना बेटंच म्हणतात.
बेटावर बसून मी बेटं मोजते.

ग्लुकोज सोडलं.
मिनिटभर ढिम्म.
मग एकेक पेशी हिरवी होत जाते, कॅल्शियम आत शिरलं,
पानाच्या डब्यातल्या चुन्याचा हा भाऊबंद,
पण याला भारी घाई.
त्याच्यामागून लाल, सावकाश:
सायक्लिक एएमपी.

मागून कशावरून? बदरिया विचारते.
काल तीन बेटांत लाल आधी होतं.
हिरवं त्याला जागं करतं,
आणि त्याला मोडून टाकणाऱ्या एन्झाइमलाही
तेच हाक मारतं, मागच्या दाराने.
लाल चढलं की हिरव्याची दारं आणखी सताड.
मग पाण्यात कोण, आणि दोर कोणाच्या हातात?

तिचे आजोबा मोत्यांच्या गलबतावर होते.
बुडी मारणारे नव्हेत.
वर दोर धरून बसणारे.
खालून हिसका आला की ओढायचं.
ती सांगते, तेव्हा खाऱ्या तळाशी गोडे झरे होते,
पखाली भरून वर यायच्या;
म्हणून देशाचं नाव दोन समुद्र.
झरे आटले. म्हातारपणी आजोबांची मूठ
झोपेतसुद्धा मिटायची, सुटायची.
"हिसका यायच्या आधीच त्यांना कळायचं,
खालच्याचा दम संपत आलाय.
हे आलेखात कुठे मांडू?"

मला उत्तर येत नाही. मी निफेडिपिन टाकते.
कॅल्शियमची दारं बंद.
हिरवी रेघ आडवी पडते.
लाल अजून दोनदा उसळतं,
निरोप न पोचलेल्या माणसासारखं,
मग तेही.

तीन वाजता रात्रपाळीचे सुलेमानचाचा सारंग
करकचे दोन कप घेऊन येतात. मूळचे दाभोळचे,
बोटांची टोकं सुयांनी खरखरीत झालेली.
पडद्याकडे बघतात.
"माझ्या आत पण हीच बेटं काय गो?"
हीच, चाचा.
"मग?"
तुमची थोडी पाण्याखाली गेलीत.
ते हसतात, खुर्ची ओढतात,
माझ्या कपात दोन चमचे साखर घालतात
आणि स्वतःच्या कपात
नुसताच चमचा
बराच वेळ फिरवत बसतात.