थांबण्याचे पैसे

रामकुंड पाऊण तास, अस्थी असतील तर दोन.
काळाराम वीस मिनिटं.
सीतागुंफेचं रांगेवर, आणि माणसाच्या अंगावर:
जाडजूड लोक अर्ध्यातून परततात घाम पुसत
आणि माझ्याकडे बघून उगाच हसतात.

कपालेश्वराला नंदी नाही, हे मी पायरीखालूनच सांगतो.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
की सराफ बाजार माल वरच्या फळीवर चढवतो, हेही.
बावीस वर्षं हे गाव मी
हँडलला टेकून दाखवलंय.
आत काय असतं ते
परत येणाऱ्यांच्या तोंडावरून कळतं.

डोईफोडे बाई परभणीच्या. एकट्या. गुडघ्याला पट्टा,
पिशवीत चिवड्याची तीन पाकिटं.
पांडवलेण्याखाली म्हणाल्या, "दोंदे, चला, हात द्या."
म्हटलं, रिक्षा कोण बघणार?
"थांबण्याचे पैसे देतेच आहे ना?
मग वर थांबा."

दर विसाव्या पायरीला विसावा.
बाई बसायच्या, मी माकडांकडे बघत पिशवी धरायचो.

वर दगडाच्या गारव्यात त्यांनी चष्मा बदलला.
भिंतीवरची अक्षरं त्यांनाही येत नव्हती,
अर्थ वहीत उतरवून आणलेला:
कुण्या राजाच्या जावयानं गावं दिली, विहिरी दिल्या,
धर्मशाळा बांधल्या. आणि पार, दमण, तापी,
डहाणूकडची कुठलीशी,
अशा नद्यांवर उतारूंसाठी फुकट तर.

"फुकट?"
"फुकट."
"मग नावाड्याला काय?"

बाईंनी पान उलटलं. पुन्हा मागचं पाहिलं.
"ते नाही हो लिहिलेलं."
जरा वेळ दोघंही त्या भिंतीकडे बघत राहिलो,
कुठे राहून गेलंय का म्हणून.

ओसरीतून खाली अंबडचे पत्रे, हायवे,
पाण्याच्या टाकीवरून माझं घर सापडलं.
"आणि गंगा?" बाईंनी विचारलं.
झाडांच्या एका ओळीकडे मी बोट केलं.
खरं तर मला माहीत नव्हतं.

नाशिकरोडला त्यांनी पैसे मोजून दिले,
थांबण्याचे वेगळे.
मी मोजून घेतले.
फलाटाकडे वळता वळता थांबल्या,
पिशवीतलं एक पाकीट सीटवर ठेवलं.
"हे नावाड्याचं."

तिखट होता. द्वारकेपर्यंत संपला.