नाळे बा

उद्यमबागेतनं कास्टिंग भरलं, नऊ टन दोनशे.
चाकणला खाली केलं. तिथल्या वॉचमननं शिक्का मारला
तो इतका फिका, की पोहोच उजेडाला धरून वाचावी लागते.
भाडं एकोणीस हजार, ॲडव्हान्स दहा.
आठ डिझेलनं गिळले, उरलेले फास्टॅगनं,
आणि कोगनोळीच्या अलीकडं मी नि भरमा
एकाच राइसप्लेटीत दोन चमचे घालून जेवलो.

नऊ हजार बाकी. अशा बाक्या सात.

डॅशबोर्डवरच्या वहीला दोऱ्यानं पेन बांधलंय.
येणं लिहितो तिथं तारखेची जागा कोरी.
देण्याच्या तारखा मात्र पाठ आहेत:
सातला हप्ता,
दहाला काकतीचा पंप,
संकेश्वरचा टायरवाला तर तारीख बघत नाही,
सरळ फोन करतो, जेवलास काय, विचारतो,
आणि गप्प राहतो.

ऑफिसात चन्नबसय्या चष्मा कपाळावर ढकलतो.
शिक्का दिसेना की रे, म्हणतो.
पोहोच ट्रेमध्ये ठेवतो, वर पेपरवेट.
पार्टीचे पंचेचाळीस दिवस असतात,
मालक मडगावला गेलेत,
सही त्यांचीच लागते.
मग जाळीच्या खिडकीतनं, अगदी मायेनं,
"नाळे बा."

येळ्ळूरला आमच्या गल्लीत दारोदार हेच लिहिलेलं असायचं.
थोरला भाऊ शाळेत नवी कन्नड अक्षरं शिकलेला,
स्टुलावर चढून खडूनं लिही: उद्या ये.
रात्री भूत यायचं म्हणे, ओळखीच्या आवाजात हाक मारायचं,
दारावरचं वाचायचं, माघारी जायचं.
दुसऱ्या रात्री परत तेच.
घरात सगळे मराठी बोलणारे,
भुताला कन्नड येतं का, कुणी विचारलं नाही.
मी कडीच्या आतल्या बाजूला, गोधडीत,
ते गेलं की हसायचो.

आता अकरा चाललेत फेऱ्यांचे दिवस.
हाक ओळखीची मारतो, "अण्णा, आलोय बघा."
वाचतो. माघारी जातो.

आडत्या पायगोंडा बाहेर टपरीवर बसलेला असतो.
"नवाचे आठ घे, आत्ता, रोख.
पोहोच माझ्याकडं दे, चन्नबसय्याचं मी बघतो."
दोनदा नको म्हटलं.
एक हजार म्हणजे भरमाचा आठवडा.

संध्याकाळी गाडीपाशी भरमा घुटमळला.
बहिणीचं बाळंतपण, खानापूरला, थोडे मिळाले तर...
मी वही चाळली, पेनाचा दोरा बोटाला गुंडाळला,
आणि माझ्याच तोंडातनं, त्याच मायेनं,
"नाळे बा रे."

तो गेला नाही.
स्टेपनीवर बसला, बिडी काढली, पेटवली नाही.
"मालक," म्हणाला, "मला वाचायला कुठं येतंय."

मग मी उठलो.
पायगोंडा आठपर्यंत टपरीवर असतो.