हेडलेस

निमसे गॅस्केट्स, सातपूर एमआयडीसी.
शनिवार. प्रेस बंद, म्हणून हे काम आज.
पुण्याहून इरफान पडद्यावर चौकोन काढून दाखवतो :
'मॅडम, आता साइटला डोकं राहणार नाही.
मजकूर वर, क्लाउडमध्ये. तोंडं हवी तितकी लावा,
मोबाइलचं, डीलरच्या ॲपचं, प्रदर्शनातल्या मोठ्या स्क्रीनचं.'
निमसेसाहेब डोळे मिटून ऐकतात.
मग विचारतात, 'डोकं गेल्यावर
बिल कोणाच्या डोक्यावर?'

गावाचं नाव एका कापलेल्या नाकावरून पडलं म्हणतात.
अवयव कमीजास्त झाल्याचं
इथे कोणी फारसं मनावर घेत नाही.

एकोणीस वर्षांची साइट. सहाशे बारा पानं.
त्यातली पन्नासेक तर एकच पान आहे,
कोणीतरी घाबरून पुन्हापुन्हा सेव्ह केलेलं.
गुरुपौर्णिमेच्या शुभेच्छा, २०११.
एक फॅक्स नंबर.
'नवीन!' अशी लुकलुकणारी पाटी :
खालचं उत्पादन बंद होऊन दहा वर्षं झाली,
पाटीला कोणी कळवलेलं नाही.
मी रकाने आखते. न्यायचं. टाकायचं. विचारायचं.
तिसरा रकाना लांबतच जातो.

मग पान चारशे सात.
'हे करप्ट आहे,' इरफान म्हणतो, 'सोडून द्या.'
पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा,
मध्ये डॉलर, तुटके कंस,
टोप्या घातलेले ए.
हा चिवडा मी ओळखते.
जुना मराठी फाँट, युनिकोड आमच्याकडे यायच्या आधीचा.
मजकूर शाबूत आहे. त्याचा चेहरा तेवढा
कुठल्यातरी सीडीवर राहून गेलाय.

सीडी सापडली स्टोअरच्या कपाटात, ओ-रिंगच्या नमुन्यांखाली.
वर स्केचपेननं : गु. पगारे. हात लावू नये.
हात लावला.

पगारे, स्टोअरकीपर. मी लागले
त्याच महिन्यात त्यांचा नारळ-शाल झाला.
साइट त्यांनी केली होती हे मला आज कळतंय,
रात्रपाळीत, पुस्तक उघडं ठेवून,
टाइमकीपरच्या खोलीतल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर.

पान उघडलं. 'आमची माणसं'.
र्‍हस्व-दीर्घाची पर्वा न करता खाली लिहिलेलं :

हमीद मिस्त्री रबराचा ताव हुंगून सांगतात
किती उन्हाळे टिकेल. नंतर मशीनपण तेच सांगते.
दगूबाई अहिरे, पंचिंग. डाव्या हाताची दोन बोटं
प्रेसखाली गेली. उरलेल्या तिनांनी
रोज नऊशे वायसर मोजतात. चूक नाही.
फोटो पुढच्या महिन्यात टाकू.

नव्या सिस्टीममध्ये माणसासाठी चार फील्ड.
नाव, हुद्दा, ईमेल, लिंक्डइन.
चौघांपुढे लाल चांदणी, भरल्याशिवाय पुढे सरकत नाही.
दगूबाईंचा ईमेल?
हमीद मिस्त्रींचा हुद्दा काय लिहू,
नाक?

इरफान बराच वेळ काही बोलत नाही.
त्याच्याकडे कुकरची शिट्टी होते.
'नवीन फील्ड करता येईल. नाव काय देऊ?'
'काय ओळखतात,' मी म्हणते.
'अक्षरमर्यादा?'
'नको.'

टाइप करत बसले, एकेक ओळ,
पगारेंचे र्‍हस्व-दीर्घ तसेच ठेवून.
एक दुरुस्त केला होता, परत बिघडवला.

साडेसातला जुने पत्ते नव्याकडे वळवताना
चारशे सातच्या भेटी बघितल्या.
गेल्या वर्षी बारा.
महिन्याला एक, पहिल्या आठवड्यात,
सगळ्या देवळालीच्या बाजूनं.

निमसेसाहेबांनी विचारलं, झालं का.
हो म्हटलं. जुना सर्व्हर सोमवारी बंद करू.
फोटोची चौकट रिकामी ठेवली.
शेवटची ओळही तशीच :
पुढच्या महिन्यात टाकू.