चोक

गाडी विकून टाका, म्हणते प्रमिला,
निदान दिवाळी ते होळी तरी दारात नको ती.
"चार महिने तुमचे गुडघे मीच शेकतो नं?
मंग परवडते का हे मलेच विचारा."
तिचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर आहे,
रतिबाच्या खाली:
पेट्रोल, दोन ट्यूब, चेनसेट,
हरवलेली कानटोपी, कफाचं औषध.
जमेच्या बाजूला एकच ओळ, तीही पेन्सिलीनं.

पहाटे पाच. पूस महिना.
युरियाचं पोतं काढलं तरी
सीटवर दवाचं एक कातडं उरतंच.
चोक ओढतो. किक. किक.
तिसऱ्याला ती खोकते, बाबा खोकायचे तशी,
आणि पुन्हा गप्प.
ओट्यावरून उरकुडा विचारतो, "ढकलू का गा?"
सातव्या किकेला सुरू होते.
मी तिला काही बोलत नाही.
मलाही उठायला तेवढाच वेळ लागतो.

छातीशी कालचा पेपर, बटणांच्या आत,
निधनवार्ता बाहेरच्या अंगाला.
हातांत बायकोचे जुने पायमोजे.
मागे कॅरिअरला दोरीनं बांधलेला नायट्रोजनचा जार,
त्यात उणे एकशे शहाण्णव.
म्हणजे तालुक्यातली सगळ्यात मोठी थंडी
माझ्या पाठीला टेकून बसलेली असते,
डबलसीट.
तिला कुणी विचारत नाही परवडते का.

नाल्याच्या उतारात गारठा पाण्यासारखा साचलेला.
गुडघ्यांना आधी कळतो, डोळ्यांना नंतर.
बांध्यांत लाखोळीवर धुकं,
धानाचे पुंजणे घोंगडी घेऊन बसल्यासारखे.
मग राइस मिल.
उसन्या तांदळाची वाफ रस्त्यावर आडवी पडते,
पंधरा पावलं, फार तर वीस.
तिथं मी गिअर उतरवतो.
पेट्रोल जास्त जळतं. जळो.
हे वहीत नाही.

पहिली बस साडेआठची, तीही आली तर.
गाईचा माज बस पाहत नाही.
चिचटोल्याहून सगुणाबाईचा फोन होता रात्री,
"डॉक्टर, सकाळीच या जी, मागच्या खेपी वेळ गेली."
मी डॉक्टर नाही. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट आहे.
पण अशा थंडीत जो गाडीवरून उतरतो
तो डॉक्टरच असतो.

पोचतो तेव्हा बोटं माझी नसतात,
हँडलचा आकार धरून बसलेली.
इंजिनला लावतो आधी, मग कोमट पाण्यात.
त्याच पाण्यात नळी सोडतो, अर्धा मिनिट.
उणे एकशे शहाण्णववरून सदतीसवर.
एवढा प्रवास मी आयुष्यात केला नाही.
मग खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा
आणि हात गाईत.

काय सांगू प्रमिला,
त्या घटकेला साऱ्या तालुक्यात
तेवढीच एक जागा गरम असते.
डावा हात आतून जिवंत होत येतो.
उजव्यानं गन धरायची,
तो अजून अर्धा गाडीवरच.
गाय मान वळवून बघते,
हा रोजचाच, असं.

सगुणाबाई चहा देते आणि शंभर.
"बाकीचे गाभण ठरली का देतो."
वासरू होईल दसऱ्याच्या आगेमागे,
तेव्हा थंडी आठवणारही नाही कुणाला,
मलासुद्धा.

परतताना ऊन पाठीवर, जारवर,
गाडी कशी शहाण्यासारखी चालते.
दारात प्रमिला. वही नाही हातात.
"उद्या साकोलीले बैठक हाय माझी, बचत गटाची.
सात वाजताच निघा लागते. जार काढून ठेवजा."
मी बघतो तिच्याकडे.
ती बघते गाडीकडे.
"अन् तो पेपर लावता नं तुम्ही, छातीले,
तो मले द्या."

पेपर एकच येतो आमच्याकडे.
घडी घालून तिच्या शालीवर ठेवला.
माझं उद्या बघू.